श्रीखंडाच्या डब्यातली पिल्लं

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये भरपूर उजेडाची खिडकी एकच होती, आणि तिच्यासमोर नवऱ्याची माशांची टाकी होती. मी लोकांचे ब्लाउज शिवायचे ते पॅसेजमधल्या ट्यूबलाइटखाली. काळ्या कापडावर काळा दोरा असला की टीप कुठे गेली ते बोटानं चाचपून पाहावं लागे.

टाकीत सहा कॅटफिश होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, दिवसभर मिशांनी वाळू हुंगत फिरणारे. त्यांची पिल्लं काढायची हा नवऱ्याचा दोन वर्षांचा ध्यास. त्यानं कुठून तरी एका पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती. पावसाचं गार पाणी नदीला आलं की हे मासे अंडी घालतात, असं त्यात लिहिलेलं. म्हणून दर रविवारी दुपारी जेवण झालं की तो टाकीतलं निम्मं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरायचा. नळाचं म्हणजे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं. मे महिन्यात त्याच पाण्यानं मी न तापवता अंघोळ करत असे. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही, आणि मीही आणून दिली नाही.

त्या उन्हाळ्यात मी पैज लावली. मृग लागेपर्यंत पिल्लं झाली नाहीत, तर टाकी पॅसेजमध्ये आणि मशीन खिडकीत. झाली, तर मी खिडकीचं नाव काढणार नाही. सासूबाई सटाण्याहून आल्या होत्या, त्यांना साक्षी ठेवलं.

मग घरात दोन चमत्कारिक गोष्टी होऊ लागल्या. माठ दिवसातून दोनदा भरावा लागू लागला. सासूबाईंना साखर झाली की काय, अशी मला शंका आली. आणि संध्याकाळी नवरा घरी आला की टाकीतला थर्मामीटर सकाळपेक्षा चार अंश कमी दाखवू लागला. त्यानं तो बिघडला म्हणून नवीन आणला. नवीनही बिघडलेलाच निघाला.

मृगाला आठवडा असताना, नवरा कंपनीत गेल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली. त्यांच्या एका हातात तांब्या होता.

"देख तरी, बाई. काय करी राहिनात त्या?"

मादी नराच्या पोटाशी तोंड लावून क्षणभर थबकली. मग पोटाखालचे दोन पर तिनं ओंजळीसारखे जुळवले, त्यात तीन-चार अंडी धरली आणि काचेपाशी गेली. आधी तोंडानं जागा पुसली, मग अंडी चिकटवली. परत नराकडे.

"आधी पुसस, मंग ठेवस," सासूबाई म्हणाल्या. "तुनापेक्षा साफ शे."

"आई, तांब्यात काय आहे?"

"माठनं पानी. पानी तपेल शे, त्या बिचारा कोठे जातीन?"

रोज दुपारी मी शिवायला बसले की त्या टाकीतलं गरम पाणी काढून तुळशीला घालत आणि माठातलं गार पाणी तांब्या-तांब्यानं माशांना. नवऱ्याची दोन वर्षांच्या नोंदींची वही, झेरॉक्स आणि दोन थर्मामीटर एकीकडे. आणि सासूबाईंची भूतदया एकीकडे.

माझी खिडकी गेली होती. पण अर्ध्या तासात काचेवरची अंडी कमी होऊ लागली. आईबाप दोघंही वर येऊन आपलीच अंडी खात होते. मला फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळपर्यंत पुरावा त्यांच्या पोटात गेला असता.

मी गप्प बसले नाही, पण त्यात कसली माया नव्हती. मला दोन्ही हवं होतं, खिडकीही आणि पिल्लंही. पदर खोचला, हात स्वच्छ धुतला, आणि बोटानं हलकेच लोळवत एकेक अंडं काचेवरून सोडवलं. साबुदाण्यासारखी चिवट असतात, फुटत नाहीत. टाकीतलंच पाणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घेऊन त्यात सोडली. बुरशी येऊ नये म्हणून नवऱ्याच्या बाटलीतून निळ्या औषधाचा एक थेंब चोरला. डबा गेला डाळींच्या डब्यांमागे.

"त्याले सांगानं नही?" सासूबाईंनी विचारलं.

"मृगाला सांगू."

त्या हसल्या नाहीत. पण संध्याकाळी नवरा त्या फळीकडे वळला तेव्हा त्याला म्हणाल्या, "तठे हात नको लावू. मना पापड शेत."

चौथ्या दिवशी अंड्यांतून डोळे आणि शेपट्या निघाल्या. पहिले दोन दिवस पिल्लं पोटाखालच्या पिशवीवर जगतात, मग खायला मागतात. पुस्तकात उकडलेल्या अंड्याचा बलक लिहिला होता. सासूबाईंच्या देखत आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नसे. मी ते खालच्या शेजारणीकडून उकडून आणलं, फडक्यातून पिळून सुईच्या टोकाएवढं टाकलं, आणि उरलेलं तासाभरात चमच्यानं उपसलं, नाहीतर पाणी नासतं. रोज दोनदा थोडं पाणी बदलायचं, तेही टाकीतलंच. सासूबाई पाठ करून उभ्या राहायच्या, म्हणजे त्यांना अंडं दिसायला नको.

मृग लागला. नवऱ्यानं मुकाट्यानं टाकी उपसली, पॅसेजमध्ये नेली, पुन्हा भरली. मशीनही त्यानंच उचलून खिडकीत आणलं. मी पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवला, एक टीप मारली, आणि डबा त्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ वाकून पाहत होता.

"कधी झाली ही?"

"मागच्या आठवड्यात."

"म्हणजे पैज मी जिंकलो होतो."

"हो."

त्यानं आईकडे पाहिलं. साक्षीदार पापड मोजत होत्या.

"पण झाली कशी?" त्यानं विचारलं. मग त्यानंच उत्तर शोधलं: नवीन थर्मामीटर. वहीत तसं लिहिलंही.

"यांना उजेड लागेल," तो डबा घेऊन माझ्याकडे येत म्हणाला. "खिडकीत ठेवतो."

"पॅसेजमध्ये ट्यूबलाइट आहे," मी म्हटलं, आणि पायडल मारलं.