मंगळवारचं पाणी

“मावशी, आई गेला...” ग्लासगोहून रश्मीचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. इथं इंग्लंडमध्येच जन्मलेल्या त्या मुलीचं मराठी असंच. एरवी मी हसून तिला सुधारलं असतं. त्या दिवशी ते वाक्य तसंच कानात राहिलं, आणि माझा स्टॉप कधी मागे पडला ते कळलंच नाही.

सुशीलाताई माझ्या शेजारीण. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात मिडवाइफ म्हणून बाळंतपणं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नवरा लवकर गेला, रश्मीला त्यांनी एकटीनं वाढवलं. आमची वस्ती जुनी, लाल विटांच्या घरांची. मधोमध कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, शंभर वर्षांहून जुना पोहण्याचा तलाव, ज्याला सगळे ‘बाथ्स’ म्हणतात. त्याला दोन दारं. एकावर ‘पहिला वर्ग’, दुसऱ्यावर ‘दुसरा वर्ग’ असं दगडात कोरलेलं. आता कुठल्याही दारातून गेलं तरी आत पाणी एकच. रिटायर झाल्यावर ताई मला घेऊन पहिल्यांदा तिथं गेल्या, तो मंगळवार होता. सकाळचा तासभर फक्त बायकांसाठी असे. ती अक्षरं पाहून त्या थबकल्या. “बघ, इथंही होतं,” म्हणाल्या, आणि पहिल्या वर्गाच्या दारातून ताठ मानेनं आत शिरल्या.

साठी उलटलेली, पोहायचं ठाऊक नाही. तरी चार-पाच महिन्यांत त्या उताण्या तरंगायला शिकल्या. वर काचेचं छप्पर. त्यातून झिरपणारा इथला फिका, दुधी उजेड पाण्यावर हलायचा, आणि त्यात ताई डोळे मिटून पडलेल्या... कान पाण्याखाली असल्यानं हाक मारली तरी ऐकू जायची नाही. “कसं वाटतं हो?” मी एकदा विचारलं. त्या काठ धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, जन्माला यायच्या आधी बाळाला वाटत असेल ना, तसं.”

मग नोटीस लागली. छप्पर गळतंय, दुरुस्तीला पैसा नाही, बाथ्स बंद करणार. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. कौन्सिलचे लोक शांतपणे समजावत होते, की वृद्धांच्या केअर होम्सना पैसा आधी द्यावा लागेल. खोटं नव्हतं ते. ताई कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या दिवशी राहिल्या. इंग्रजीत म्हणाल्या, “माझ्या आजोबांना गावच्या तळ्याला हात लावू देत नव्हते. त्या पाण्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्लाय. इथं मी तिकीट काढलं आणि अख्ख्या तळ्यानं मला उचलून धरलं. सगळ्यांच्या पैशाचं पाणी म्हणजे काय, ते मला विचारा.”

मागे कुणीतरी नाक शिंकरलं.

निर्णय लांबला. पुढच्या बजेटमध्ये छपरापुरते पैसे मंजूर झाले. आठवड्याचे तीन दिवस मात्र टाळं लागलं. मंगळवार वाचला. मी पेढे घेऊन गेले, तर ताई म्हणाल्या, “अर्धंच मिळालं. उरलेल्यासाठी पुन्हा जायचं.” ते राहून गेलं. छपराचं काम संपलं, तोवर त्यांना जिना चढतानाही धाप लागत होती. मग हॉस्पिटल... जिथं त्यांनी इतकी बाळं हातात घेतली, तिथंच.

परवाच्या मंगळवारी धीर करून मी बाथ्सला गेले. नव्या काचांतून ऊन आलं होतं. उथळ बाजूला एक सोमाली बाई, फरहिया, एका घाबरलेल्या मुलीच्या पाठीखाली हात धरून उभी होती आणि हळूहळू म्हणत होती, “निवांत... निवांत...”

मी चमकले. “हा मराठी शब्द कुठून आला तुझ्याकडे?”

“मला तरंगायला शिकवताना सुशीला म्हणायची,” ती म्हणाली. “अर्थ नाही विचारला कधी. पण तो ऐकला की अंग आपोआप वर येतं.”

तिनं हात काढून घेतला. मुलगी तरंगत राहिली.