गोटा आणि मिशी

वाशिंदला स्टेशन असल्यामुळे आमच्याकडच्या पुरुषांना आरशाचे वेड लवकर लागले. मी कल्याणला रेल्वेच्या यार्डात कामाला होतो आणि माझ्या बरोबरीचे सगळे खिशात कंगवा बाळगून असायचे. त्यात माझे केस पंचविशीच्या आतच गळायला लागले. कंगव्यात केस दिसला की माझा दिवस वाईट जाई. मुरबाडच्या वरच्या अंगाला मात्र हे दुखणे कोणाला ठाऊकच नव्हते. तिकडे टोपी नाहीतर मुंडासे झोपेपर्यंत डोक्यावर. खाली रान आहे की खडक, कोण बघतो? माझे होणारे सासरे टोकावड्याचे. त्यांच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत, हे लग्न ठरल्यावरही मला माहीत नव्हते.

लग्न वैशाखात होते. स्टेशनजवळच्या न्हाव्याने सांगितले, एकदा पुरता गोटा करा, माक्याचे तेल चोळा, मांडवात उभे राहाल तेव्हा टोपीत केस मावणार नाहीत. गरजवंताला अक्कल नसते. फाल्गुनात मी गोटा करून घेतला. आईने कपाळावर हात मारला, वडील माझ्याशी बोलेनासे झाले.

त्यातच वऱ्हाड कधी निघणार हे कळवायला कोणीतरी टोकावड्याला जायला हवे होते. नवऱ्या मुलाने असे जाऊ नये, पण घरचे सगळे शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यात गुंतलेले. मी मुरबाडपर्यंत मोटारीने गेलो, पुढे पायी. उन्हाने नवा गोटा भाजून निघाला, म्हणून गावाच्या विहिरीवर टोपी काढून डोक्यावर पाणी घेतले. पाणी भरणाऱ्या बायकांनी मला ओळखले, हंडे तसेच टाकले आणि त्या गावात पळाल्या.

मी दारात पोहोचलो तर आत रडारड. मला वाटले, यांच्याकडेच कोणी गेले. अशा वेळी वऱ्हाडाचे काय बोलणार? टोपी हातात घेऊन, मान खाली घालून मी ओटीवर बसलो. त्यांची तर खात्रीच पटली. तिकडे तरुण माणूस असा ताजा गोटा करतो तो आईबापांपैकी कोणी गेले तरच. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लगीन आता वर्सभर नाय," ते म्हणाले.

वर्षभरात उरलेसुरले केसही जाणार आणि मुलगी नको म्हणणार, एवढेच मला सुचले. तेवढ्यात आतून, दाराआडून मुलगीच बोलली.

"बाबा, मिशी हाये त्यांना. घरात कोन गेला असता तर मिशी राखली असती का?"

रडणे थांबले. सगळे माझ्या ओठांकडे बघू लागले. वडील शेतात राब भाजताहेत, असे मी सांगितले, तेव्हा सासऱ्यांनी घाम पुसायला मुंडासे काढले. खाली तुळतुळीत टक्कल, बहुधा माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. गोट्याचे खरे कारण ऐकून ते माझ्याकडे बघतच राहिले. केस जातात यात काळजीचे काय, हे त्यांना शेवटपर्यंत समजले नाही.

लग्न वैशाखातच झाले. केस काही आले नाहीत. पुढे एकदा मी बायकोला विचारले, त्या दिवशी माझे डोके बघून तुला काय वाटले?

"डोक्याकडं कोन बघत व्हता?" ती म्हणाली.

तो कंगवा अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी तो मिशीवरून फिरवतो.