धाकटीचं अंग भरलं तेव्हा

माझी धाकटी जाऊ आता हर्सूलला वेगळी राहते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती वाळकी आणि मी लठ्ठ. त्यामुळं घरात नाजूक तब्येतीची तीच, आणि मी धडधाकट. दुधाचा पेला तिला. माझे गुडघे काय म्हणतात, ते कुणी विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर तिचं अंग भरायला लागलं. गाल वर आले. दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघा, आता कुठं तब्येत धरली." तिनं शहागंजात जाऊन एका मापानं मोठ्या बांगड्या भरल्या आणि मला दाखवायला मुद्दाम मुक्कामाला आली.

मला काही ते पटेना. जेवायला वाढलं तर बाईनं अर्धी भाकरी टाकून दिली. चार पायऱ्या चढली की दम. मग हे मांस येतंय कुठून? मी गुपचूप लक्ष ठेवलं. सकाळी उठली तर डोळ्यांखाली पिशव्या, डोळे नीट उघडेनात. दुपारी चेहरा हलका झाला, तर चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला. मांस असं जागा बदलत फिरतं का कुठं?

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव एकदा."

"व्हय, दाखवते की. एवढी वर्षं मला काडी काडी म्हणलं, तवा नाय कुणाला डॉक्टर आठवला. आता मूठभर मांस चढलं ते तुमच्या डोळ्यात खुपलं, अक्का."

लागलं मला. खोटं कशाला सांगू, स्वतःचाही संशय आला, हिचं बरं झालेलं मला बघवत नाही की काय. धडधाकट म्हणवून घ्यायची सवय मलाच जडली होती ना.

तरी पण ती पाय पसरून शेंगा फोडत बसली होती, तेव्हा जवळ जाऊन मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला.

"दाबून काय बघता, पेरू हाय का मी?" ती हसली.

मी अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. मग माझी नडगी दाबली. चरबीच ती, लगेच वर आली. आम्ही दोघी बघत बसलो. तिचा खड्डा काही भरेना; मांस कसलं, सूज होती ती.

तिनं स्वतःच्या अंगठ्यानं जरा वर, गुडघ्याखाली दाबून पाहिलं. तिथंही तेच. मग साडी घोट्यापर्यंत ओढून घेतली.

"तुमचा डॉक्टर सकाळी किती वाजता बसतो?"

"दहाला."

"ह्यांना आत्ताच सांगू नका, अक्का. लई खूश हायेत."