धारेखालची घागर

कोरड्या सिमेंटवर पाणी पडलं की जो वास उठतो, तो मला अजून सोसत नाही. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं, यांची नांदेडहून तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली होती आणि कर्ज काढून घर घेतलं तर टॅक्स वाचतो, हे कुणीतरी यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यात दुष्काळ. विकायला घरं पुष्कळ आणि घेणारे आमच्यासारखे मोजकेच, त्यामुळे आम्ही मोठ्या ऐटीत घरं बघत हिंडायचो. एका घरी पाण्याला जोर किती ते बघायला मी मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि तसाच ठेवून कोनाडे, फळ्या बघत बसले. वरच्या टाकीत टँकरचं विकतचं पाणी होतं, हे मला माहीत होतं. मालकीणबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांची नजर त्या धारेवरून हलत नव्हती. पण त्या नळ बंद करा म्हणाल्या नाहीत. घागर आणून धारेखाली लावली आणि कसनुसं हसत म्हणाल्या, "बघा की ताई, निवांत बघा." ती भरून वाहू लागली तशी त्यांनी दुसरी आणली. बाहेर पडल्यावर मी यांना हळूच म्हणाले, "बाई लई अडलेली हाय, अजून भाव पाडा." भाव पडला, घर आमचं झालं. आजही त्या मोरीत नळ वाहताना दिसला की मी घर डोक्यावर घेते. सून म्हणते, "आई, नुसतं बंद कर म्हणा की, वरडता कशाला?" तेवढं नुसतं म्हणणंसुद्धा त्या बाईंना परवडलं नव्हतं.