गॅरेजचा नवा उतार

बोईसरला आमच्या गॅरेजात पाणी शिरायचं, म्हणून होळीच्या तोंडावर जवळच्या पाम गावातल्या एका ठेकेदाराला काम दिलं. दारात उंबरा उंच करायचा आणि पुढे काँक्रीटचा उतार, एवढंच. त्याची माणसं मासवणकडची, होळीला गावी जायची घाई. आम्ही दुपारी जेवून जरा कलंडलो, तेवढ्यात त्यांनी उतार ओतला आणि गेली. आमचा टेम्पो आतच!

अहो, आमचं पोट त्या टेम्पोवर. किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या बायकांची सुकी मासळी आमचे हे बाजाराला न्यायचे.

ठेकेदार म्हणाला, "ताई, सात दिवस चाक नका चढवू, तडा जाईल. सकाळ-संध्याकाळ पाणी मारा."

"आणि टेम्पो?"

"त्याला काय झालं? सावलीत हाय."

हे म्हणाले, फोडून टाकू. पण पुन्हा करायला माणसं कुठली? होळीला गेलेली कधी परततील, ते ठेकेदारालाही ठाऊक नव्हतं. मग काय, ज्यानं आमची वाट अडवली त्यालाच मी बादलीनं पाणी घालत बसले.

तिसऱ्या दिवशी मुरब्याची एक बाई येऊन बघून गेली. "मार वैनी, पाणी मार. टेम्पोला कोंब फुटंल! आमचे बोंबील काय थांबायचे नाय."

आठव्या दिवशी टेम्पो निघाला. उताराला चरासुद्धा पडला नाही. हे मुरब्याला गेले आणि रिकामेच परतले, बायकांनी दुसरा टेम्पो कायमचा ठरवला होता. मी आपली बादली घेऊन उतारावर पाणी मारायला गेले.