आक्रसलेली मोजपट्टी

एक एप्रिल १९७६. भाऊ आदल्या दिवशी निवृत्त झाले होते आणि त्यांचं टेबल रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे, मी ते ट्रेस करायची. खुर्चीत बसलेले भाऊ मला आठवतच नाहीत. उभ्यानं काम, उभ्यानं चहा. मध्येच कुणाच्याही टेबलावरची वस्तू उचलायची, तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "हे आपल्याले बनवता येते."

बनवायचेही. विलायती ड्रॉइंगपेटी साहेबांच्या कपाटात कुलपात असे. बाजारात तिची किंमत विचारायचीही सोय नव्हती. भाऊ विणकराच्या घरचे, हात बारीक कामाला सरावलेला. पाट्या रंगवणाऱ्यांकडून प्लास्टिकचे तुकडे आणून ते गुण्ये, वक्रपट्ट्या, मोजपट्ट्या कापत. वर त्यांचा नमुना कागदावर काढून मागेल त्याला देत. संध्याकाळच्या ड्रॉइंग क्लासची निम्मी मुलं त्यावरूनच आपली अवजारं करायची.

एकदा सीताबर्डीचा एक दुकानदार आला. "नमुने मला विका आणि फुकट वाटणं बंद करा."

भाऊ म्हणाले, "मंग पोट्टे का बोटानं नकाशे काढतीन?"

मागणी वाढली, तसं हातानं नमुने काढणं जमेना. १९७४ च्या मे महिन्यात भाऊंनी मोजपट्टीच्या नमुन्याचे ब्लूप्रिंट काढले, धुतले आणि गच्चीवर वाळत टाकले. नागपूरचं ऊन; कागद आक्रसला. आठवड्यानं मी त्यावरून केलेली एक पट्टी सहज स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. तीस सेंटिमीटरला दोन मिलिमीटर कमी.

भाऊंनी पाहिलं. चेहरा उतरला.

"पोरायची परीक्षा कधी आहे, बाई?"

"दहा दिवसांनी. नमुने कुणी कुणी नेले?"

"ज्याले पाहिजे त्यानं नेले. यादी काहून ठेवू?"

"मग आता शोधा," मी चिडूनच म्हटलं.

त्याच संध्याकाळी ते क्लासच्या दारात उभे राहिले. मीही गेले, एकट्याचं काम नव्हतं ते.

"माह्या पट्ट्या चुकल्या आहेत. आणा, बदलून देतो."

मागून एक जण हसला. "काका, फुकटचा माल असाच राहते!"

"फुकट होता म्हणून नाही गा. म्या मोजला नाही म्हणून."

दहा दिवस भाऊंची सायकल एका जागी टेकली नाही. महाल, इतवारी, एका पट्टीसाठी पार खापरखेड्याची कॉलनी. परीक्षेच्या सकाळीही ते परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पट्ट्या घेऊन उभे होते. क्लासचे सगळे सापडले. पण त्यांच्याकडून पुढे कुणी नमुना उतरवून घेतला होता, ते कुणालाच सांगता येईना. "आणखी असतीन, बाई," म्हणत भाऊ पुढे वर्षभर दिसेल त्याच्या खिशातली पट्टी काढून तपासत राहिले.

निवृत्तीच्या दिवशी हार काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "मी उमरेडले चाललो. कोणी पट्टी घेऊन आलं तर?"

"मी काय तुमचं दुकान चालवू?"

ते सायकलची किल्ली घेऊन निघाले. खिडकीतून मला त्यांची सायकल दिसली. कोपऱ्यावर थांबून ते एका विद्यार्थ्याशी काही बोलले, मग वळले.

एक तारखेला टेबल रिकामं झालं. नमुन्यांची गुंडाळी हातात घेऊन शिपायानं विचारलं, "बाई, रद्दीत टाकू?" मी ती घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास लवकर गेले. साहेबांकडून स्टीलची पट्टी मागून घेतली आणि कचेरीच्या फाटकावर कागद चिकटवला: 'मोजपट्टी तपासून मिळेल. नमुना कुणाकडूनही घेतलेला चालेल.'