ओट्यावरचं फडकं

ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर आज आईने भांडी पुसायचं फडकं घडी करून घातलेलं दिसलं, नेमकं आवाज येतो तिथे. खालून गाणं चालूच होतं.

लॅपटॉप मूळचा तिचाच. बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणून कायम प्लगला लावलेला. चहा उकळेपर्यंत ती त्यावर एखादा अभंग लावायची. फार रखडतो म्हणून मीच त्यातलं सगळं पुसून लिनक्स ही हलकी कार्यप्रणाली घातली आणि वाय-फायवर गाणी वाजवणारं यंत्र केलं. कीबोर्डही बंद केला, आता कुणाला लागणार म्हणून. तेव्हापासून घरातलं कुणीही आपल्या खोलीतून, फोनवरून, स्वयंपाकघरात हवं ते गाणं लावतं. आईचा फोन साधा, बटणांचा. 'जरा कमी करा रे' असं ती म्हणतही असेल. त्या आवाजात ऐकू कुणाला जाणार?

म्हाताऱ्या माणसांचंही आपण हेच करतो. एकेक गोष्ट हातातून काढून घेतो आणि त्यालाच आराम म्हणतो.

फडक्याला मी हात लावला नाही. खोलीत येऊन फोनवरून गाणं तेवढं बंद केलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "लाइट गेली का रे?"